सकाळची मोकळी वेळ

पाळकसाहेब चर्चचे पाळक होण्याआधी एका मोठ्या गोदामात माल रवाना करणारे कारकून होते. कुठली खोकी कुठल्या गाडीत चढवायची, कुठली आधी आणि कुठली मागून, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतकं नीट केलं, की हा माणूस नोकरी सोडून पाळक होणार असं कळल्यावर गोदामाच्या मॅनेजरांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "तिकडे बढती लवकर मिळते का?" नाही म्हटल्यावर मॅनेजरांना त्यांची मनापासून काळजी वाटली.

रविवारी संदेश देण्यात त्यांचा हातखंडा होता असं मंडळीतलं कुणीच म्हटलं नसतं. आवाज बरा होता, पण एकाच पट्टीत चाले. दाखला द्यायला लागले की तो गोदामातला निघे, आणि ऐकणाऱ्यांना तो माल शेवटी पोचला की नाही याचीच काळजी लागून राही. आत्म्याच्या तारणाचा मुद्दा तेवढ्यात येऊन गेलेला असे. तरीही कुणाच्या घरात काही बिनसलं, कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, की लोक आधी म्हणत, "पाळकांना बोलवा." आल्यावर ते काय करत, हे नंतर कुणाला धड सांगता येत नसे. "बसले होते," लोक म्हणत. "बरं वाटलं."

यामागचं कारण पाळकसाहेबांना ठाऊक होतं, आणि त्यात स्वतःची पाठ थोपटून घेण्यासारखं काही नव्हतं. रोज सकाळी ते चर्चचं बाजूचं दार उघडून आत जात, भिंतीलगतच्या बाकावर बसत आणि तासभर प्रार्थना करत. मोठ्याने नाही. मंडळीतल्या एकेकाला मनात समोर आणायचं, त्याचं जे काही असेल ते देवाला सांगायचं आणि मग आपण गप्प राहायचं. कधी काही सुचे, कधी काहीच नाही. पण ज्याच्यासाठी सकाळी बसलो त्याच्या घरी दुपारी गेलं, की त्याच्याकडे बघताना घाई होत नसे. एवढंच त्यांचं भांडवल. गाडीत सकाळी चढवलंच नाही ते दुपारी उतरवणार काय, हे गोदामात वर्षं काढलेल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

बाहेरून बघणाऱ्याला हे काही फार कामाचं दिसत नसे. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं. डॉक्टरकडे आपला नंबर लागायची वाट बघता बघता डुलकी लागलेल्या माणसासारखे ते दिसत.

कमिटीच्या नव्या सेक्रेटरींनी त्यांना पाहिलं ते नेमकं असंच.

सेक्रेटरी म्हणजे कोल्ड स्टोरेजमधून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. भला माणूस, आणि चर्चवर जीव. आल्या आल्या त्यांनी शिट्टी मारणारा माइक गप्प केला, डुगडुगणारे बाक ठोकून घेतले आणि उपासना वेळेवर सुरू होऊ लागली. काही लोकांना हे शेवटचं जड गेलं, पण बोलता येईना. उघडा राहिलेला नळ आणि रिकाम्या खोलीत जळणारा दिवा या दोन गोष्टी त्यांना बघवत नसत.

"पाळकसाहेब," खिडकीतून आत डोकावून ते म्हणाले, "परवा आलो तेव्हा तुम्ही इथेच बसला होता."

"हो."

"कालही होता."

"हो."

"आजही आहात."

"मी प्रार्थनेला बसतो रोज."

सेक्रेटरींनी मान हलवली. प्रार्थनेबद्दल त्यांना आदर होता. ते स्वतः जेवणाआधी आणि गाडी सुरू करण्याआधी न चुकता करत. "किती वेळ लागतो साधारण?"

"तास जातो."

"तास," सेक्रेटरी म्हणाले. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की ते ज्या सुरात बोलत, तोच सूर होता.

पुढच्या सभेत त्यांनी विषय मांडला. मंडळीतले लोक सकाळी कामाला जातात. पाळकांना भेटायचं तर संध्याकाळी, आणि तेव्हा सगळे दमलेले. तेव्हा सकाळी चर्चच्या पडवीत टेबल टाकावं, कामावर जाता जाता लोकांनी पाळकांना भेटावं, अडचण सांगावी, सल्ला घ्यावा.

"सकाळी पाळकसाहेब मोकळेच असतात," ते म्हणाले.

"मोकळा नसतो मी," पाळकसाहेब म्हणाले.

"म्हणजे चर्चमध्येच असता ना?"

"असतो."

"दार उघडं असतं?"

"बाजूचं."

"मग आपण पुढचं उघडू."

खजिनदार औषधांच्या दुकानाचे मालक होते. सकाळी दुकान उघडायच्या आधी आपल्यालाही पाळकांना भेटता येईल, असं ते म्हणाले. त्यांना भेटून काय बोलायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. बाकीच्यांनाही कल्पना आवडली.

"आणि प्रार्थनेचं काय?" पाळकसाहेबांनी विचारलं.

सेक्रेटरींनी प्रश्न झटकून टाकला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पाळकसाहेब, लोकांचं मनापासून ऐकून घेणं हीसुद्धा एक प्रार्थनाच नाही का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य चांगलं होतं. पाळकसाहेबांना त्याचं उत्तर सुचलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कुंड्यांना पाणी घालताना. तोवर ठराव मंजूर झाला होता आणि ऐकायला घरी फक्त पाळकबाई होत्या.

"लोकांचं ऐकायला आधी कान लागतात," ते म्हणाले. "ते मला त्या बाकावर मिळतात."

"मग सभेत सांगायचं होतं."

"सभेत सुचलं नाही."

"तुम्हाला सभेत सुचत नाही, म्हणून तर तुम्ही सकाळी बाकावर जाता," पाळकबाई म्हणाल्या आणि झारी त्यांच्या हातातून काढून घेतली, कारण एकाच कुंडीत पाणी चाललं होतं.

पाळकसाहेबांनी मनाची समजूत घातली, की प्रार्थना काय, दुपारी करू. दुपारी दवाखान्यातल्या भेटी निघाल्या. मग त्यांनी ठरवलं, पहाटे घरी करू. पहाटे घरी बसले, की आज टेबलावर कोण कोण येणार याचाच विचार येई, आणि थोड्याच वेळात ते उठून शर्ट घालू लागत. मग चालता चालता करू असं ठरलं. चालताना लोक भेटत.

इकडे टेबलाचं मात्र फार चांगलं चाललं. पहिल्या आठवड्यात चार-दोन माणसं आली, मग बाकडं टाकावं लागलं, मग दुसरं. शाळेच्या प्रवेशासाठी शिफारस, दोन भावांच्या मधली भिंत, सासूचं सुनेबद्दल आणि सुनेचं सासूबद्दल, दोघी एकमेकींना न कळवता. तक्रारमामा रोज येत. त्यांना सगळे तक्रारमामाच म्हणत, आणि त्याबद्दलही त्यांची तक्रार होती. त्यांच्या घरासमोरचं गटार तुंबलेलं होतं. नगरपालिका ऐकत नव्हती, तेव्हा निदान पाळकांनी ऐकावं.

पाळकसाहेब सगळ्यांचं ऐकत. पुढे पुढे ते लवकर ऐकू लागले. माणूस खुर्चीवर टेकायच्या आत त्यांना कळे, हा भिंतीचा की सुनेचा. सल्ला तयार असे. शेवटी प्रत्येकासाठी छोटी प्रार्थना करायची असा शिरस्ता होता. सुरुवातीला ती ज्याच्या त्याच्या मापाने बेतलेली असे. मग तयार कपड्यांसारखी लहान, मध्यम आणि मोठी अशी झाली. निघताना ते प्रत्येकाला सांगत, "प्रार्थनेत आहात बरं का." लोक समाधानाने कामावर जात.

गंमत म्हणजे संदेशही सुधारले. रोज इतकी माणसं भेटत, की दाखल्यांना तोटा नव्हता. गोदाम मागे पडलं. संदेशाला सुरुवात, मध्य आणि शेवट दिसू लागला, आणि शेवट वेळेवर येऊ लागला. गायनवृंदाच्या प्रमुख बाईंनी पहिल्यांदाच त्यांचं अभिनंदन केलं. सेक्रेटरी तर खूशच होते.

फरक जाणवला तो घरात.

"तुम्ही हल्ली माझं वाक्य—" पाळकबाई एकदा जेवताना म्हणाल्या.

"पुरं होऊ देत नाही, असंच ना? तसं काही नाही."

पाळकबाईंनी त्यांना भाजी वाढली. त्यांचं म्हणणं सिद्ध झालं होतं.

मग एका फरशी बसवणाऱ्या कारागिराचं निधन झालं. पाळकसाहेब त्याच्या घरी गेले, योग्य ती वचनं वाचली, योग्य ते चार शब्द बोलले आणि निघाले. दारातून बाहेर पडताना मागे कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "किती छान बोलले."

पाळकसाहेब फाटकाशी थांबले. कुणाच्या दुःखात गेल्यावर त्यांच्याबद्दल असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ज्या बाईचा नवरा गेला होता तिचा चेहरा आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. तो त्यांना आठवेना. पदर आठवला, खुर्ची आठवली, भिंतीवरचं घड्याळ तर स्पष्ट आठवलं. आपल्याकडे आता कुणाला देण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि हे आपल्याखेरीज अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, हे त्यांना त्या फाटकाशी कळलं. त्यांना भीती वाटली. मग पुढची भेट होती म्हणून ते निघाले.

थोड्याच दिवसांत सेक्रेटरींच्या बायकोला पित्ताशयाच्या खड्यांसाठी हॉस्पिटलात दाखल केलं. सकाळी ऑपरेशन, आणि आदल्या संध्याकाळी पाळकांनी येऊन प्रार्थना करावी असा निरोप आला. तो दिवस पाळकसाहेबांना फार धावपळीचा गेला होता. सकाळी टेबलावर एक ट्रकड्रायव्हर आला होता. दारू सोडायची म्हणत होता, आणि खाली मान घालून बराच वेळ बोलला होता. त्याच्यामागे रांग होती.

वॉर्डात पलंगाला पलंग लागून होते. सेक्रेटरी उशाशी उभे होते. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला सलाइनची सुई. एक नर्स थर्मामीटर घेऊन शेजारच्या पलंगाशी होती.

"बरं झालं आलात," वहिनी म्हणाल्या. "मला उगाच धाकधूक होतेय."

"काही काळजी करू नका, वहिनी," पाळकसाहेब म्हणाले, डोळे मिटले आणि लगेच सुरुवात केली. जीभ आपली आपण चालू लागली.

"हे प्रभू, तुझं हे लेकरू आज तुझ्यापुढे आहे. याची अडचण तुला ठाऊक आहे. पगाराचा दिवस आला की पाय घराकडे न वळता भलतीकडे वळतात, ते तू आवर. पहिल्याच पेल्याला नको म्हणायचं बळ दे. घरच्यांनी आजवर जे सोसलं—"

सेक्रेटरींनी डोळे उघडले.

"—ते तू पाहिलं आहेस. रिकाम्या बाटल्या लपवायची वेळ या घरावर पुन्हा येऊ देऊ नकोस. आमेन."

"आमेन," शेजारच्या पलंगाशी बसलेली बाई कळवळून म्हणाली.

थर्मामीटर धरलेली नर्स वळून वहिनींकडे बघू लागली.

"पाळकसाहेब," वहिनी म्हणाल्या, "मी चहासुद्धा अर्धा कप घेते."

पाळकसाहेबांनी घाईने डोळे उघडले. "वहिनी, चुकलं. ते दुसऱ्या कुणाचं होतं."

"ते आलं लक्षात. कोण आहे बिचारा?"

"ते सांगता येत नाही."

"नका सांगू. पण आता माझं करा."

पाळकसाहेबांनी पुन्हा डोळे मिटले. लहान, मध्यम, मोठी, तिन्ही मापं समोर हजर झाली. त्यातलं एकही त्यांना उचलवेना. त्या तिन्हींच्या पलीकडे बघितलं तर तिथे काही नव्हतं, वहिनीसुद्धा नव्हत्या. 

"मला येत नाहीये, वहिनी," ते शेवटी म्हणाले.

"येत नाही म्हणजे?" सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही पाळक आहात."

"तुम्ही जरा थांबा हो," वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. सुईचा हात सांभाळून त्यांनी दुसरा हात त्यावर ठेवला आणि डोळे मिटले. "प्रभू, पाळकसाहेब फार दमलेत. त्यांना जरा तुझ्याजवळ बसू दे. उद्या डॉक्टर वेळेवर येऊ देत. आणि ह्यांनी रात्री नीट जेवावं. आमेन."

पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं. कितीतरी दिवसांत कुणी त्यांच्यासाठी प्रार्थना केली नव्हती, आणि त्यांनीही कुणासाठी केली नव्हती. वॉर्डभरात ही गोष्ट एकट्या वहिनींना कळली होती.

नर्सच्या लक्षात मात्र वेगळीच गोष्ट आली होती. ती मघाशीच डॉक्टरांना सांगायला बाहेर गेली होती. थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर आल्या, भूल देणाऱ्या. त्यांनी पलंगाभोवतीचा पडदा ओढला आणि फार मऊ आवाजात विचारलं, "किती वर्षांपासून घेता?"

"काय?" वहिनी म्हणाल्या.

"आमच्यापासून लपवू नका. भूल देताना फरक पडतो. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर त्यांना बाहेर पाठवते."

"ती काही घेत नाही हो," सेक्रेटरी म्हणाले.

"घरचे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता.

"डॉक्टर, हे माझ्यामुळे झालं," पाळकसाहेब म्हणाले. "मी प्रार्थनेत चुकीचं बोललो. त्यांचा याच्याशी काही संबंध नाही."

"तुम्ही पाळक ना?"

"हो."

"मग देवासमोर तुम्ही खोटं कशाला बोलाल?"

 डॉक्टरांनी यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं. वहिनींनी एवढंच विचारलं, की मग आज जेवायला मिळेल का.

पाळकसाहेब आणि सेक्रेटरी बाहेर व्हरांड्यात आले. सेक्रेटरी खिडकीशी उभे राहिले. रागावलेले होते, पण रागावून काम होत नाही हे त्यांना नोकरीतून ठाऊक होतं.

"चूक कुणाकडूनही होते," ते म्हणाले. "आपली पद्धत कमी पडली. कोण आलं, अडचण काय, लिहून ठेवत जा. इथे यायच्या आधी एक नजर टाकायची. म्हणजे सरमिसळ व्हायची नाही."

"नको," पाळकसाहेब म्हणाले.

"मग दुसरं काही करू. टेबलावर—"

"सरमिसळ झाली म्हणून नाही हो चुकलं. तुमच्या बायकोचं नाव बरोबर घेतलं असतं, तरी ती प्रार्थना झाली नसती. तोंड चालत होतं, बस. टेबल टाकल्यापासून असंच चाललंय. सगळ्यांना सांगतो, प्रार्थनेत आहात. कुणाचंच काही मी वर पोचवलेलं नाही."

"आमचंसुद्धा?"

"तुमचंसुद्धा."

सेक्रेटरी बाकावर बसले. त्यांना दर रविवारी तसं सांगितलं जात होतं आणि ते खरं धरून ते चालले होते. "पण लोक तर समाधानी आहेत," ते म्हणाले. "संदेश किती सुधारलेत."

"हो," पाळकसाहेब म्हणाले. "तेवढं झालं खरं."

समोरून एक ट्रॉली गेली. दोघांनी पाय मागे घेतले.

"आता तिला परवा आत नेतील," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता. "मला बाहेरच बसायचंय. मी काही... मला ते जेवणाआधीचं येतं तेवढंच येतं."

"परवा सकाळी मी चर्चमध्ये माझ्या बाकावर असेन. टेबलावर नाही."

"त्याने ऑपरेशन नीट होईल?"

"ते मी सांगू शकत नाही. मागेन जरूर. आणि नंतर वहिनींना भेटायला जो माणूस येईल, तो त्यांच्या ओळखीचा असेल, एवढं सांगतो. आज आला होता तो कोण, मलाही माहीत नाही."

सेक्रेटरींनी वॉर्डाच्या दाराकडे बघितलं. "कमिटीचा ठराव आहे," ते म्हणाले.

"आहे."

"तो बदलून घेऊ. टेबल संध्याकाळी टाकू. लोक दमलेले असतात म्हणा, पण दमलेला माणूस थोडक्यात बोलतो." त्यांनी चष्मा पुसला. "पण परवाचं काय? परवा सकाळी रांग येणारच. त्यांना कोण सांगणार? मी इथे, आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही."

"मघाशी म्हटलं की तुम्हाला."

"मला म्हटलंत. रांगेला नाही येणार म्हणता." सेक्रेटरींनी माणसांकडून काम करून घेण्यात आयुष्य घालवलं होतं. "पाळकबाईंना बसवा टेबलावर."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पाळकबाई टेबलावर बसल्या. पाळकसाहेबांचा फोन त्यांनी आपल्या पुढ्यात ठेवला, कारण हॉस्पिटलचा निरोप त्यावरच येणार होता. पाळकसाहेब बाजूच्या दाराने आत गेले आणि भिंतीलगतच्या बाकावर बसले.

पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते गटार. त्यांनी ते बाजूला सारलं. मग दोन भावांची भिंत आली. मग शिफारसपत्र, मग चर्चच्या गळक्या टाकीचं काम. इतके दिवस जे जे नुसतं ऐकून खाली टाकलं होतं, ते सगळं दाराशी ढीग करून पडलं होतं आणि आत शिरायला वाट नव्हती. पडवीतून आवाज येत होते.

"पाळक कुठे आहेत?"

"आत."

"बोलवा की जरा."

"प्रार्थना करताहेत."

"संपली की येतील ना?"

"संपली की दुसरी सुरू करतील. तुम्ही संध्याकाळी या. आणि काकू, तुमच्या सुनेचं मला माहीत आहे, तीही येऊन गेली."

 एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

पाळकसाहेबांनी ढीग हलवायला घेतला. गोदामात असाच हलवत. वरचं आधी, ओढाताण न करता. हाताशी आला तो ट्रकड्रायव्हर. त्याची मान कशी खाली होती, ते त्यांना आता आठवलं. बोलताना तो टेबलाच्या कडेला अंगठ्याचं नख घासत होता, हेही आठवलं. ते त्यांनी त्या वेळी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. आता त्यांनी त्याला समोर बसवलं, त्याचं जे होतं ते देवाला सांगितलं, आणि गप्प राहिले. मग फरशीवाल्याची बायको. तिचा चेहरा अजून आठवेना, तेव्हा तेच सांगितलं, की मला तिचा चेहरा आठवत नाही, मी नीट बघितलंच नव्हतं.

मग वहिनी आल्या. आता त्यांना आत नेलं असेल. पाळकसाहेबांनी डॉक्टरच्या हाताला यश मागितलं, व्हरांड्यात बसलेल्या सेक्रेटरींना धीर मागितला, आणि मग मागायचं संपलं तरी उठले नाहीत. मोठं असं काही घडलं नाही. आवाज आला नाही, अंगावर काटा आला नाही. घाई तेवढी गेली. कितीतरी वेळ त्या पलंगावरच्या बाईंजवळ ते नुसते बसून होते, त्या दिवशी बसायला हवं होतं तसे.

पडवीत फोन वाजला, आणि थांबला.

थोड्या वेळाने मागून पावलं आली. पाळकबाईंची चप्पल त्यांना ओळखू येत होती. चांगली बातमी असती तर त्या लगबगीने आल्या असत्या, वाईट असती तरी. त्या सावकाश आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. हाक मारली नाही.

पाळकसाहेबांना मागे वळून बघायची फार इच्छा झाली. पण त्या वेळी त्यांच्यापुढे दुसरंच कुणी बसलं होतं आणि त्याचं अर्धंच सांगून झालं होतं. वहिनींचं जे व्हायचं ते एव्हाना झालं होतं. या माणसाचं अजून व्हायचं होतं. त्यांनी ते शेवटपर्यंत नेलं. मग डोळे उघडले आणि वळून बघितलं.

"नीट झालं," पाळकबाई म्हणाल्या. "शुद्धीवर आल्यात."

पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला.  मग म्हणाले, "फोन कधीचा आला. हाक मारायचीस."

"तुमचं कुणाचं तरी चाललं होतं ना. मध्येच कसं तोडायचं."

"आणि रांग?"

"गेली सगळी. संध्याकाळी या म्हटलं. तक्रारमामा तेवढे ठाण मांडून आहेत."

"काय म्हणताहेत?"

"म्हणताहेत, मी इथे ताटकळत बसलोय आणि पाळक आत करताहेत तरी काय?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, विचारून सांगते."

पाळकसाहेब बाकाला धरून उठले. पाय आखडले होते. "त्यांना सांग, तुमच्याच गटाराचं चाललं होतं."

पाळकबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "खरंच?"

"आत्ताच संपलं."

पाळकबाई दाराशी गेल्या आणि त्यांनी निरोप जसाच्या तसा सांगितला.  मग तक्रारमामांचा आवाज आला.

"घराचा नंबर सांगितला का, विचारा."